पणजी 'इतर हक्कात'

दहाव्याला पणजीच्या पिंडाला कावळा शिवेना. माणदेशातल्या आमच्या गावच्या ओढ्याकाठी शंभरेक माणसे पाऊण तास उन्हात उभी होती. अशा वेळी करतात तसे एकेक जण पुढे होऊन मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखू लागला. काका म्हणाले, 'धाकट्याचं लगीन यंदा लावतो.' वडील म्हणाले, 'तुजी शेरडं इकत न्हाई.' कुणी पंढरीची वारी कबूल केली, कुणी देवळाला घंटा. बाभळीवरचे दोन कावळे नुसते बघत बसले. शेवटी दर्भाचा कावळा करून तो लावला आणि सगळे आंघोळीला गेले.

तिची राहिलेली इच्छा नेमकी काय होती हे त्या शंभर माणसांत निदान पाच जणांना ठाऊक होते. त्यांतली एक मी. मी तोंड उघडले नाही.

त्याच संध्याकाळी, पिठले-भाकरीची ताटे उचलायच्या आत, चुलत्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. पणजीच्या दोन मुली, म्हणजे माझ्या दोघी आत्याआजी, माहेरी आलेल्याच होत्या. एक शहात्तर वर्षांची, एक बहात्तर. 'दोघी आहातच तर उद्या-परवा रजिस्टर ऑफिसला जाऊन येऊ, परत हेलपाटा नको.' कागदावर लिहिले होते: हक्कसोडपत्र. 'विनामोबदला, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.' शिवाय 'आम्हांस माहेरकडून चोळीबांगडी वेळोवेळी मिळत असून आम्ही समाधानी आहोत.' ज्यांच्या आईच्या राखेला दहा दिवस झाले होते त्या दोघी समाधानी असल्याचे आधीच टाइप करून आणले होते.

तेराव्याला मांडवाच्या तोंडाशी पणजीचा फ्लेक्स लागला. त्यावर 'त्यागमूर्ती' हा शब्द तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. भागातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. म्हणाले, 'या माउलीने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.' माणसांनी माना डोलावल्या. हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. ते खोटे आहे, आणि ते फक्त आमच्या घरात बोलले जात नाही.

तिने मागितले होते. मला माहीत आहे असे तीनदा.

पणजीला आम्ही मोठीआई म्हणायचो. वडील मुंबईत माथाडी कामाला, आई त्यांच्याजवळ. मी सातवीपर्यंत मोठीआईपाशी गावात वाढले. युरियाच्या पिशवीचे माझे पहिले दप्तर तिने शिवले. थापलेल्या भाकरी मोजायला लावून मला बेरीज-वजाबाकी शिकवली आणि स्वतः मात्र आयुष्यभर अंगठा दिला. मिसरीचा डबा आणि हातोडी या दोन वस्तूंना ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. हातोडीचे सांगते पुढे. तिचे वय नक्की कुणालाच माहीत नव्हते. 'गांधीबाबाला मारलं तवा तुजी थोरली आत्याआजी पोटात व्हती, आठवा लागला व्हता', एवढाच तिच्याकडचा दाखला. त्यावरून आम्ही ती शहाण्णव-सत्त्याण्णवची धरत होतो. २०२४च्या डिसेंबरात ती गेली.

लग्न झाले तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असणार. मुलीचे वय चौदा हवे असे सांगणारा शारदा कायदा होऊन तेव्हा दहा-बारा वर्षे लोटली होती. आमच्या गावापर्यंत तो चालत आला नव्हता. १९६१ साली पणजोबा गेले. पदरात पंधरा वर्षांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, आणि त्याच्या पाठच्या दोन मुली. शेत सामायिक होते. सातबाऱ्यावर धाकट्या दिराचे नाव लागले, त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे मालक नव्हे. पण ही तीन अक्षरे गावागावांत मालकीची म्हणूनच वाचली जातात.

शेत मात्र मोठीआई करत होती. बाईने नांगराला हात लावायचा नाही म्हणून नांगरट दीर करायचा. पेरणीला चाड्यावरची पहिली मूठ जाऊ धरायची, कारण ती सवाष्ण; त्यानंतरच्या दिवसभराच्या सगळ्या मुठी मोठीआईच्या. खुरपणी, काढणी, खळे, कडबा रचणे, राखण. एका पहिल्या मुठीसाठी तिचे विधवापण आठवायचे, बाकी हजार मुठींना ते आड यायचे नाही.

मग १९७२चा दुष्काळ. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'भात्तरचा दुष्काळ' असतो. मोठीआई खडी फोडायला गेली. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन सबंध कुटुंब जगले. रोजगार हमीचा कायदा त्यानंतर आला, आणि तो आणण्यात या दुष्काळी कामांवरच्या बायांच्या हातांचा किती वाटा आहे ते आपल्या वाचकांना सांगायला नको. हातोडी तिथली. मजुरीचे पैसे आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातात पडले, कारण मस्टरवर तिचे नाव होते. हे ती मला शंभरदा सांगायची. 'मस्टरवर नाव व्हतं बाय माजं. सायेब नाव पुकारायचा, मग म्या पुढं जायाची.' त्या पैशांतून तिने विहीर दोन परस खोल करून घेतली. आज त्याच विहिरीवर माझ्या वडिलांची डाळिंबाची बाग आहे.

१९७४ साली दिराशी वाटप झाले. आमच्या आजोबांच्या वाट्याला बारा एकर आली. तेव्हा तिने पहिल्यांदा मागितले. एसटीने तालुक्याला गेली आणि एका कारकुनापुढे उभी राहिली: 'माजं बी नाव लावा.' तो म्हणाला, 'पोरगा कर्ता हाय की बाई, तुमचं नाव कशाला?' पण हाकलून दिले असे नाही. नाव लागले. कुठे लागले ते तिला वाचता येत नव्हते.

ते मी वाचले, तेराव्याच्या रात्री, मोबाइलवर. आता सातबारा कुठेही बसून बघता येतो. भोगवटादाराच्या जागी आजोबांनंतर वडील आणि काका. उजवीकडे 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो, ज्यात सोसायटीचा बोजा, बँकेचे कर्ज, वहिवाटीचा रस्ता असे सगळे टाकतात. त्यात डाळिंबाच्या कर्जाच्या वर एक ओळ: मोठीआईचे नाव, आणि पुढे 'अन्नवस्त्र'. म्हणजे या बाईला या जमिनीतून जेवण आणि लुगडे मिळण्याचा हक्क आहे. पन्नास वर्षे ती तिथे होती.

मैत्रिणींनो, गावाकडच्या आपापल्या घरचा सातबारा एकदा काढा आणि तो रकाना वाचा. आई, काकू, आत्या यांची नावे कितीतरी घरांत तिथेच सापडतील. ज्यांची तिथेही नाहीत त्या अजून निराळ्या.

आता कायद्याचे. तलाठ्यापासून पाहुण्यांपर्यंत गावात सगळे एकच सांगतात: 'मुलींना हक्क २००५ साली आला. तुमच्या आईच्या वेळी न्हवता.' सुशिक्षित माणसेही हे बोलतात आणि आपल्या कार्यकर्त्याही कधीकधी मान डोलावतात. यात एक अर्धवट गोष्ट खरी आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, तोही अविवाहित मुलींपुरता. देशभर सगळ्या मुलींना ९ सप्टेंबर २००५ पासून. आणि त्यासाठी वडील २००५ साली जिवंत असायला पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. पण आमच्या घरी यातले काहीही लागत नाही. आमच्या घराला १९५६चाच कायदा पुरेसा होता.

पणजोबा १९६१ साली मृत्युपत्र न करता गेले. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा आणि मुली या मुलाइतक्याच पहिल्या वर्गाच्या वारस. शिवाय मरणाच्या क्षणी वाटप झाले असते तर, असे धरायचे असते, आणि आपल्याकडच्या हिंदू कायद्याप्रमाणे बाप-मुलांत वाटप झाले तर आईलाही मुलाइतका हिस्सा निघतो. हे कुणा वकिलाचे डोके नव्हे. जवळपास त्याच काळात, १९६० साली, नवरा गेलेल्या हिराबाई नावाच्या बाईने १९६२ साली सांगलीच्या न्यायालयात वाटपाचा दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवरा, बायको, दोन मुलगे, म्हणून काल्पनिक वाटपात तिचा चौथा हिस्सा. नवऱ्याच्या चौथ्या हिश्शाचे सहा वारस, त्यातला एक वाटा पुन्हा तिचा. १९७८ साली न्यायालयाने तिला चोवीसपैकी सात हिस्से दिले. गुरुपाद विरुद्ध हिराबाई म्हणून हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो.

तेच गणित आमच्या बारा एकरांना लावा. पणजोबा, मोठीआई, आजोबा: तिघांचे चार-चार एकर. पणजोबांच्या चार एकरांचे वारस चौघे, प्रत्येकी एक एकर. म्हणजे मोठीआई पाच एकर, आजोबा पाच एकर, दोघी आत्याआजी एकेक एकर. आणि १९५६च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे मोठीआईचे पाच एकर पुऱ्या मालकीचे. विकायला, द्यायला, मृत्युपत्र करायला मोकळे. ज्या रानात ती अन्नवस्त्राची धनी होती त्यातले पाच एकर तिचे होते. फेरफार काय म्हणतो याने मालकी ठरत नाही. ती नोंद सारावसुलीसाठी असते. पण पन्नास वर्षे चुकीच्या रकान्यात राहिलेल्या बाईला हे सांगायला कोण जाणार होते?

मी जाणार होते. हे लिहायला जड जाते, पण लेख लिहायला घेतला तो याच्यासाठीच.

दुसऱ्यांदा तिने मागितले आजोबा गेल्यावर, २००९ साली. वारसनोंदीच्या वेळी नातवांना म्हणाली, 'आता तरी माजं नाव वर घ्या.' सगळे हसले. 'आता वर जायची वेळ झाली, तिथं नेतीस का जमीन?' तिसऱ्यांदा माझ्याकडे. समाजकार्याची पदवी घेऊन २०१३ साली गावी आले होते. तिने विचारले, 'तू कायद्याचं शिकलीस न्हवं? माजं नाव लाव.' मी म्हणाले, 'बघू.' त्यानंतर अकरा वर्षे मी दुसऱ्या जिल्ह्यांतल्या बायकांची शिबिरे घेतली, फळ्यावर सातबारा काढून रकाने समजावून सांगितले, परित्यक्तांची वारसनोंद लावून दिली. आमच्या गावचा उतारा एकदाही उघडला नाही. वडिलांशी वाकडे घ्यायचे नव्हते. दिवाळीला गेले की आईचा चेहरा बघून गप्प बसायचे. चार दिवस माहेर हवे होते मला, इतके साधे कारण आहे.

तेव्हा आत्याआजींना मी काय बोलणार? त्यांना तीच भीती आहे. 'सही न्हाई केली तर माहेर तुटंल.' हे माहेर काय आहे ते तरी मोजून बघू. वर्षातून एक दिवाळी, झालीच तर पंचमी, एक साडी, परत जाताना पिशवीत शेंगा. त्याची किंमत म्हणून बाई एकराच्या वर रान सोडून देते. शिवाय मोठीआईच्या पाच एकरांचे आता तीन वाटे होतात, एक मुलाच्या शाखेचा, दोन मुलींचे. म्हणजे आधीचा एक एकर धरून एकेकीचे अडीच एकरांहून जास्त. भाच्यांची माया त्या कागदावर टिकून असेल तर ती माया आहे की भाडे, हे विचारायला हवे.

वडील वाईट माणूस नाहीत. पाठीवर पोती वाहून गावी परतलेला माणूस आहे तो. डाळिंबावर तेल्या आला की कर्ज चढते, उताऱ्यावर बहिणी-आत्यांची नावे वाढली की पुढचे कर्ज मिळताना सगळ्यांच्या सह्या लागतात. ही अडचण खरी आहे आणि ती मी उडवून लावत नाही. पण तिचा उपाय नेहमी बायकांच्या खिशातूनच का निघतो? 'तुकडे पडतील' म्हणणारे वडील आणि काका यांनी २०१५ साली आपसांत बांध घातला तेव्हा तुकड्यांची आठवण कुणाला झाली नव्हती. 'लग्नात खर्च केला' म्हणतात. दोघींची लग्ने साठीच्या दशकात झाली, तेव्हा मोठीआईने मजुरी करून लुगडी घेतली होती. आणि कुणाला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर सोडू दे. आधी नाव लावा, किती येते ते सांगा, मग विचारा. ज्या वस्तूचा आकडाच सांगितलेला नाही ती स्वखुशीने सोडली असे कोणत्या भाषेत म्हणतात?

सध्या आपल्या राज्यात 'लाडकी बहीण' हा शब्द भिंतीभिंतीवर आहे. २०२४ साली सुरू झालेल्या योजनेतून एकवीस ते पासष्ट वर्षांच्या बायकांच्या खात्यात महिना दीड हजार जमा होऊ लागले. त्या पैशांना मी नाव ठेवणार नाही. मस्टरवरच्या मजुरीने मोठीआईची मान कशी वर झाली ते मी ऐकले आहे. पण फ्लेक्सवर बहीण लाडकी आणि दुय्यम निबंधकाच्या दारात तीच बहीण अंगठ्याला शाई लावून उभी. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या दर शंभर खातेदारांत बाया सुमारे चौदाच निघाल्या. शेतात कोण राबते ते कुठल्याही बांधावर उभे राहून बघावे.

एक गोष्ट राहिली. मोठीआईला न्यायच्या आधी तिला पांढरे लुगडे नेसवायला काढले होते. मी आणि माझ्या चुलतबहिणींनी हट्ट धरला: हिरवे. हेरवाड गावाने मे २०२२मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही तसे परिपत्रक काढले, हे मी भांडताना सांगितले. अर्ध्या तासात सगळे कबूल झाले. हिरवे लुगडे नेसून, कपाळभर कुंकू लावून ती गेली. बायका रडल्या, मीही रडले, आणि आपण जिंकलो असे मला वाटले. नंतर लक्षात आले की ती मागणी इतक्या लवकर मान्य झाली कारण तिला मोजणी लागत नव्हती. हेरवाडच्या ठरावाचे मोल मी कमी करत नाही. जिवंतपणी बांगड्या फुटण्यापासून वाचलेल्या बाईला ते विचारा. पण कुंकू मागताना जी माणसे ऐकून घेतात तीच एकर मागताना कशी बोलतात, हेही एकदा ऐकून ठेवावे.

आणि आपले काय? आपल्याही अंकांतून आज्या-पणज्यांवर पाने येतात. सोशिक, खंबीर, निरक्षर पण शहाणी. मी स्वतः असे एक पान लिहिले होते. त्यात मिसरी होती, हातोडी होती, भाकरीचे गणितही होते. सातबारा नव्हता. 'त्यागमूर्ती' म्हणणाऱ्या पुढाऱ्यापेक्षा माझे मराठी बरे होते, पण मीही तिने काही मागितलेच नाही असे लिहून मोकळी झाले होते.

सध्या असे आहे. धाकट्या आत्याआजीने सही केली. तिच्या मुलांना गरज नाही, आणि तिला पुढची दिवाळी हवी आहे. मी तिला दोष देत नाही. थोरली अडून बसली आहे. तिने अंगठा द्यायला नकार दिला तो भांडून नाही. चुलत्यांना म्हणाली, 'आदी माज्या आईचं नाव लावा. मग माजं काडा.'

गावातून निघालेल्या फेरफाराची नोटीस आम्ही पाहिली. इतर हक्कातून मोठीआईचे नाव 'मयत सबब कमी' करायचे आहे. थोरल्या आत्याआजीच्या नावाने आम्ही पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत दिली: मयत ही इतर हक्कदार नसून सहहिस्सेदार होती, तिची वारसनोंद तिच्या मुलगा व मुलींच्या नावे व्हावी. अर्जाला पणजोबांच्या मृत्यूची नोंद, १९७४चा फेरफार आणि आजोबांच्या वारसनोंदीची प्रत जोडली. पोच घेतली. हे सगळे अर्ज अगदी साधे असतात. कुणाला हवा असेल तर नमुना संघटनेच्या पत्त्यावर मागवा.

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. वडील फोन उचलत नाहीत. आई उचलते, इकडचे तिकडचे बोलते, आणि परवा फोन ठेवताना हळूच विचारत होती, तिच्या माहेरचा उतारा कुठे बघायचा म्हणून.